बर्फात जहाज वळाले एवढा टाईम काऊन लागते?

ओलित_रात्रपाळी
राजेहो नमस्कार. प्रश्न येडपट वाटन पण विचारूनच टाकतो. ह्या हप्त्यात आमच्या फीडरले थ्री फेज रातची हाय, म्हणजे हरभऱ्याले पानी द्याले रात्रभर वावरात. स्प्रिंकलरचे पाईप बदलवले की मंग दोन-तीन घंटे कामच नसते, पण झोपलं तं लाईन कवा गेली समजत नाई, म्हणून शेकोटीपाशी मोबाईल घेऊन बसतो. पुतन्यानं एक लाईव्ह कॅमेरा लावून देल्ला, अमेरिकेतलं डुलुथ नावाचं बंदर. आपले रातचे साडेअकरा वाजले की तथी भर दुपारचे बारा, तं सगळं लख्ख दिसते.

काल एक हजार फुटी जहाज आलं. तो जो वर उचलते पूल, त्याच्या खालून असं सरळ आत गेलं की दोन्ही बाजूच्या भिंतीले धक्का नाई. मले वाटलं झालं, आता पाच मिनिटात धक्क्याले लागते. कायचं लागते! आत गेल्यावर पुढं सरकलं, थांबलं, मांग आलं, पुन्हा पुढं, पुन्हा मांग. माह्ये पाईप बदलून झाले तरी ते तथीच. बर्फ तं आधीच फुटेल दिसत होता, नुसत्या पांढऱ्या लाद्या तरंगत होत्या, मंग अडते कायले? एवढं वजन, एवढं इंजिन, घुसून काऊन नाई जात? कोनाले मालूम असन तं सांगा. इंग्रजीत लय माहिती हाय पण वाचता वाचता डोळा लागते.

ठेचा_भाकर
मोटरले ऑटो बसव भाऊ. झोप अन् जहाज दोन्ही होते.

ओलित_रात्रपाळी
ऑटो हाय. रोही अन् डुकरं ऑटोनं पळत नाईत.

कोरडवाहू
मी स्पष्ट बोलतो, राग नका मानू. आपल्याइकडं बोट पाहाची म्हटली तं वैनगंगेवरचा डोंगा, नाई तं धरणावरच्या मच्छीवाल्याची नाव. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर. त्या जहाजात आपला माल नाई, आपला मानूस नाई, मंग रात्र रात्र जागून पाहाचं काय त्यात? पोराईचा डेटा संपते अन् सकाळी डोळे लाल. अन् थंडीच पाहाची तं घरची काय वाईट हाय? डिसेंबर २०१८ ले नागपूर ३.५ वर गेलं होतं, त्या साली आमच्या तुरीचा फुलोरा उभ्या उभ्या जळला.

वर्धा_ते_मिनेसोटा
कोरडवाहू दादा, ३.५ ला इथले लोक जॅकेटची चेन उघडतात :) डुलुथला जानेवारीत रात्री उणे १५-२० म्हणजे कुणी बोलतसुद्धा नाही त्याबद्दल.

मी मिनियापोलिसला असते, डुलुथ इथून गाडीने अडीच तास. ओलितभाऊ, तुमचा धागा बघून इतकं छान वाटलं ना, कारण मी हे बोटांचं वेड इथे आमच्या मराठी मंडळात कुणाला सांगितलं तर सगळे विषय बदलतात. आधी एक सांगते, तो समुद्र नाहीच. लेक सुपिरियर, गोड्या पाण्याचं सरोवर, क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर. आपला अख्खा विदर्भ ९७,००० च्या आसपास, म्हणजे बुलडाण्यापासून गडचिरोलीपर्यंत पाणीच पाणी धरा, त्याहून थोडंसंच कमी. त्यामुळे काठावर उभं राहिलं की पलीकडचं काही दिसत नाही आणि लाटा समुद्रासारख्याच येतात.

तुम्ही कॅमेऱ्यात बघता तो कालवा जवळपास ३०० फूट रुंद आहे आणि मोठी जहाजं १०५ फूट रुंद. ऐकायला जागा भरपूर वाटते, पण बाजूने वारा सुटला आणि खालून पाण्याची ओढ लागली की कॅप्टनचा घाम निघतो. तो पूल १९०५ चा. तेव्हा तो उचलायचा नव्हता, वरच्या सांगाड्याला लटकवलेला एक पाळणा माणसं-गाड्या घेऊन या काठावरून त्या काठावर जायचा. १९२९-३० मध्ये त्याचा उचलता पूल केला, आता मधला भाग सुमारे १३५ फूट वर जातो. जहाज आलं की भोंगा देतं, तीन लांब दोन छोटे, आणि पूलही तसाच भोंगा देऊन उत्तर देतो. मोबाईलवर तो आवाज काहीच नाही हो. तिथे उभं राहिलं की छातीत घुमतो. उणे वीसमध्ये हातात कॉफी घेऊन शंभर लोक उभे असतात आणि ती कॉफी पाच मिनिटांत गार.

बर्फात वळण्याबद्दल मात्र जाणकार कुणी सांगा, मलाही बघून बघून थोडाच अंदाज आलाय.

लोणारच्या_बाजूला
गोड्या पान्यात जहाज? हे आमाले नवीनच. मीठ नाई म्हणून लवकर गोठत असन का मंग? आमचं लोणार तं इतकं खारं हाय का ते काई गोठाचं नाई :D

ठेचा_भाकर
लोणार गोठलं तं सगळ्यात आधी टीव्हीवाले पोहोचतीन. पुन्हा गुलाबी झाल्यासारखं.

इंजिनरूम_आर्णी
लोणारभाऊ बरोबर. गोडं पानी ० ले गोठते, समुद्राचं साधारन उणे १.८ ले. बाल्टिक समुद्र फिनलंडकडं वर वर जाल तसा गोडा होत जाते, म्हणून कडक हिवाळ्यात फिनलंडची एकूनएक बंदरं गोठते. तरी ते बंद करत नाईत, आइसब्रेकर, म्हणजे बर्फ फोडनारी जहाजं, लावून बारा महिने चालू ठेवते.

मी टँकरवर इंजिनिअर हाय, सध्या घरी सुट्टीवर. हिवाळ्यात बाल्टिकमधी गेलेलो हाय म्हणून सांगतो. वरच्या लोकाईले बर्फ दिसते, आमाले खाली ऐकू येते. बाहेरून लोखंडावर बर्फ घासते तो आवाज, चोवीस घंटे, झोपताना सुद्धा उशाशी. पहिल्या रात्री वाटलं पत्रा फाटला. दुसरी गोष्ट कोनाले मालूम नसते, बर्फात जहाजाचं इंजिन गरम होते! काऊन तं इंजिन थंड कराचं पानी बाहेरून येते, बुडाशी एक पेटी असते तिच्यातून, अन् त्या पेटीत बर्फाचा चुरा जाऊन जाळी बुजते. बाहेर उणे पंधरा अन् आत आमी गरम इंजिनची बोंब मारून रायलो. मंग इंजिनातून निघालेलं कोमट पानी फिरवून परत त्याच पेटीत सोडा लागते, म्हणजे चुरा वितळते.

वळन्याचं नीट लिहितो, आता बुढ्याले घेऊन यवतमाळले दवाखान्यात चाललो.

पोपट_वाचतो
रशियाचं मुरमान्स्क तर याच्याही कितीतरी वर आहे, आर्क्टिक वर्तुळाच्या आत. तिथे तर दहा-दहा फूट बर्फ असेल. त्यांच्याकडे अणुशक्तीचे आइसब्रेकर आहेत म्हणे.

मास्तर_दिग्रस
अणुशक्तीचे आहेत, 'लेनिन' नावाचा पहिला १९५९ पासून चालला. पण मुरमान्स्कचं बंदर गोठत नाही. अटलांटिकचा उबदार प्रवाह तिथपर्यंत पोचतो. ते आइसब्रेकर मुक्कामाला तिथे असतात आणि कामाला पूर्वेकडे, सैबेरियाच्या उत्तरेच्या मार्गावर जातात. नववीला भूगोल शिकवताना हा प्रश्न मी मुद्दाम विचारायचो, पोरं हमखास फसायची.

डुलुथबद्दल थोडा इतिहास सांगतो. तो कालवा नैसर्गिक नाही, १८७१ साली वाळूची पट्टी खोदून केलेला आहे. आणि कोरडवाहू म्हणतात तसं हे पाहणं नुसती करमणूक नसते. २८ नोव्हेंबर १९०५, म्हणजे तो पूल झाला त्याच साली, मोठं वादळ आलं. 'मटाफा' नावाचं जहाज कालव्यात शिरायचा प्रयत्न करत असताना लाटेनं भिंतीवर आदळलं, फिरलं आणि काठापासून अगदी जवळ मोडून बसलं. गावचे हजारो लोक काठावर जमले, शेकोट्या पेटवून रात्रभर उभे राहिले, पण लाटांमुळे नाव टाकता येईना. जहाजाच्या पुढच्या भागात जी माणसं होती ती सकाळी वाचवली. मागच्या भागातले ९ जण गारठ्यानं आणि पाण्यानं गेले. लोकांच्या डोळ्यांदेखत.

कोरडवाहू
मास्तर, हे मालूम नव्हतं. पण माह्या मुद्द्याचं काय? १९०५ ची गोष्ट वेगळी, तथी गावचे लोक उभे होते. आपण आर्णी-दिग्रसमधी बसून काय करनार?

देऊळगावची_लेक
आपला माणूस नाही असं कसं म्हणता दादा. माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर आहे, डेकवर. आमच्या घरात कुणी समुद्र पाहिलेला नव्हता, आईने तर अजूनही नाही. दोन वर्षांपूर्वी कॅनडाला गेला होता हिवाळ्यात, सेंट लॉरेन्स नदीतून वर. तेव्हापासून आमच्याकडे जहाजांच्या नकाशाचं ॲप आहे, एक छोटा रंगीत बाण दिसतो तो म्हणजे आमचा दादू. आई पोथी वाचायच्या आधी तो बाण बघते. बाण हलला नाही की मला फोन, "अगं हा थांबला का?" मी सांगते आई नांगर टाकला असेल, रांग असेल. एकदा दोन दिवस बाण हललाच नाही, बर्फात पुढच्या जहाजांमागे थांबले होते. आई जेवली नाही नीट.

आल्यावर त्याने सांगितलं, दोर म्हणजे लोखंडी सळई झालेले असतात, वाकत नाहीत, आणि पाण्याचे शिंतोडे उडून डेकवर बर्फाचा थर चढतो तो मोगरीने ठोकून काढावा लागतो, नाहीतर वरचं वजन वाढून जहाज कलू शकतं. आई म्हणाली मोगरीचं काम तर तुला घरी कधी सांगितलं नाही.

तर ओलितभाऊ तुम्ही बघा बिनधास्त. कुणाचा तरी दादू असतो त्यात.

ठेचा_भाकर
आईचा डायलॉग एक नंबर.

अहेरी_पॅसेंजर
त्या डुलुथच्या जहाजात भरते काय पण? तेल का?

वर्धा_ते_मिनेसोटा
मुख्य म्हणजे लोखंडाचं खनिज. उत्तरेला मेसाबी नावाची डोंगररांग आहे तिथलं. चांगलं खनिज बरंचसं काढून संपलं, आता टॅकोनाइट म्हणून हलक्या प्रतीचा दगड आहे, त्यात लोखंड २५-३० टक्के. तो दळून, लोहचुंबकाने लोखंड वेगळं करून गोट्यांएवढ्या गोळ्या भाजतात. त्या गोळ्या रेल्वेने काठावर आणि तिथून जहाजाने खालच्या पोलाद कारखान्यांना. एका हजार फुटी जहाजात साठ हजार टनांच्या वर.

अहेरी_पॅसेंजर
साठ हजार!! आपल्याइकडच्या मालगाडीची एक रेक चार हजार टनाच्या आसपास धरा, म्हणजे पंधरा रेका एका जहाजात. अन् आमच्या सुरजागडचं खनिज त्याच्याहून कितीतरी चांगलं, हेमटाइट, पण जाते कसं तं ट्रकानं. एका ट्रकात असं किती मावन? दिवसरात्र रांग, आलापल्लीपासून पुढं रस्त्याची चाळन, पावसाळ्यात एसटी बंद अन् उन्हाळ्यात घरात लाल धूळ. रोजगार आला हे खरं हाय, माह्या साळ्यालेच लागला, पन रस्ता...

पोपट_वाचतो
रेल्वे झाली पाहिजे. वडसा-गडचिरोली लाईन किती वर्षं ऐकतोय.

अहेरी_पॅसेंजर
रेल्वेचं नाव नको काढू भाऊ, बीपी वाढते.

चावडी_संपादक
रस्ता आणि रेल्वेसाठी वेगळा धागा आहे. इथे जहाज.

इंजिनरूम_आर्णी
आलो. आता मूळ प्रश्न.

जहाजाचं सुकानू मांग असते. ते फिरवलं की आधी मागचा भाग बाहेर फेकल्या जाते, मंग तोंड वळते. पुढं चालू असताना जहाज ज्या जागेभोवती फिरते ती जागा तोंडाकडून साधारन एक तृतीयांश लांबीवर असते. म्हणजे हजार फुटातले साडेसहाशे फूट मांग रायते, अन् ते सगळं बाजूले सरकाले जागा मागते. मोकळ्या पान्यात पानी हटते, काई प्रश्न नाई. बर्फात त्या लाद्या हटनार कुठं? त्याईच्या मांग पुन्हा बर्फ, अन् त्याच्या मांग धक्का. कालव्यातून सरळ आत जानं सोपं दिसलं तुमाले कारन सरळ जाताना मागचा भाग पुढच्यानं केलेल्या वाटेतूनच जाते. वळाचं म्हटलं की वाट पुरत नाई.

म्हणून ते पुढं-मांग. पुढं जाऊन थोडा तोडाचा, मांग येऊन जागा कराची, पुन्हा जराशा वेगळ्या कोनात पुढं. तुमाले वाटते जहाज अडलं, पन ते अडलं नाई, वळाले जागा करून रायलं. अन् मांग येताना लय जपा लागते, सुकानू एकदम सरळ मधात ठेवाचं, नाई तं बर्फावर आपटून तेच वाकन. पंखा पन फिरताच ठेवाचा, थांबला की पात्यावर बर्फ बसते.

घुसून काऊन नाई जात? बर्फ दाबाले लय कडक, पन वाकवाले कच्चा. आइसब्रेकरचं तोंड उतरतं असते, तो बर्फावर चढते अन् आपल्या वजनानं खाली मोडते. कापत बिपत नाई. मालवाहू जहाजाचं तोंड तसं नसते, ते नुसतं ढकलते. अन् ढकलाले वेग पाह्यजे, बंदरात वेग घेतला अन् बर्फ एकदम सुटला तं साठ हजार टन थांबवनार कोन? समोर सिमेंट हाय.

आता लाद्या. फुटेल बर्फ म्हणजे संपला बर्फ असं नाई. उलट एकाच वाटेनं जहाजं जाऊन जाऊन तो रोज फुटते, फटीतलं पानी उघडं पडते, ते गोठते, पुन्हा फुटते, असं होत होत त्या वाटेतला बर्फ शेजारच्या अखंड बर्फापेक्षा जाड होते. त्यात तोंडाशी आडवा पंखा असते ना, बो थ्रस्टर, जो एरवी वळाले मदत करते, त्याच्या बोगद्यात हेच तुकडे शिरून बसते. म्हणजे नेमका जवा पाह्यजे तवाच कामाचा नाई.

ओलित_रात्रपाळी
आर्णीकर भाऊ हात जोडतो. आत्ता समजलं. म्हणजे आमच्या काळ्या मातीत वल्ल्यात नांगर घातला की जी ढेकळं पडते तशीच गत, रान फोडलं म्हणून आपण खूश अन् ते ढेकूळ वाळलं की पयल्या जमिनीपेक्षा कठीन, मंग त्याच्यावर रोटावेटर पन नाचते.

धक्क्याले लागताना पन शेवटी लय वेळ तोंड टेकवून उभं होतं अन् मांग नुसतं फेसाचं पानी उसळत होतं, ते काय होतं मंग?

इंजिनरूम_आर्णी
बरोबर पाह्यलं. जहाज अन् धक्का याच्यामधी बर्फ दाबल्या जाते, तो निघाल्याशिवाय जहाज चिकटत नाई. म्हणून तोंड धक्क्याले टेकवून पंखा जोरात चालवाचा, त्या पान्याच्या लोटानं मधातला बर्फ मांग धुऊन जाते, मंग मागचा भाग हळू आत घ्याचा. कधी टग, म्हणजे जहाजाले ढकलनारी-ओढनारी छोटी बोट, येऊन तेच काम करते.

नागपुरी_सावजी
अबे टगच लावा ना सगळ्याले चार-चार, वेळ कायले घालवता? सिंपल.

वर्धा_ते_मिनेसोटा
टगला पैसे लागतात सावजी :) उन्हाळ्यात ही हजार फुटी जहाजं बहुतेक वेळा टग न घेता स्वतःच वळून धक्क्याला लागतात. हिवाळ्यात मागवावा लागतो. शिवाय इथल्या कोस्ट गार्डची बर्फ फोडणारी जहाजं असतात, त्यातली १४० फुटी छोटी आहेत त्यांच्या बुडाशी हवेचे बुडबुडे सोडायची सोय असते, म्हणजे बर्फ पत्र्याला घासत नाही. मार्च लागला की बंदरातला बर्फ फोडायला सुरुवात होते आणि त्याआधी बर्फावर बसून मासे धरणाऱ्यांना बजावतात की बाबांनो उठा आता.

पण सगळं करूनही अडायचं ते अडतंच. २०१५ च्या फेब्रुवारीत 'आर्थर अँडरसन' नावाचं जहाज लेक एरीच्या बर्फात कित्येक दिवस अडकलं होतं. हे जहाज १९५२ चं. १० नोव्हेंबर १९७५ ला 'एडमंड फिट्झजेराल्ड' २९ माणसांसकट बुडालं तेव्हा त्याच्या मागून येत होतं ते हेच.

लोणारच्या_बाजूला
१९५२ चं जहाज अजून चालते? आमच्या गावची एसटी २०१० ची हाय ते खिडकीतून पाऊस घेते.

इंजिनरूम_आर्णी
गोडं पानी. मिठानं लोखंड जसं सडते तसं तथी होत नाई. अन् हजार फुटी जहाजाईची अजून एक गंमत, ती तथल्या सरोवराईच्या साखळीतून बाहेर समुद्रात जाऊच शकत नाईत. समुद्राकडं जायचे जे दरवाजे हाय, १९५९ मधी सुरू झालेला मार्ग, त्यात ७४० फुटापर्यंतचंच जहाज मावते. म्हणजे तथीच बांधली, तथीच चालनार, तथीच भंगारात.

देऊळगावची_लेक
आईला सांगितलं हे. म्हणाली अशा जहाजावर नोकरी मिळते का विचार, निदान पोरगा लांब तरी जाणार नाही. आई, ते अमेरिकेत आहे गं.

कोरडवाहू
काल रातचे बारा ते पाऊन लावून पाह्यलं. काईच नव्हतं. पांढरं धुकं, त्यात पुलाचे दोन खांबं. इंटरनेट गेलं का पाहाले दोनदा मोबाईल बंद करून चालू केला. हेच का ते?

वर्धा_ते_मिनेसोटा
दादा तो दिवस भारी होता! पाण्यापेक्षा हवा खूपच थंड झाली की सरोवरातून वाफ उठते, तेच ते. त्यातून जहाज बाहेर येतं तेव्हा आधी फक्त वरचा मजला तरंगताना दिसतो. तुम्ही अजून वीस मिनिटं थांबला असता तर दिसलं असतं, मी रेकॉर्डिंग पाहिलं.

कोरडवाहू
वीस मिनिटं!! अन् हे आता सांगता.

ओलित_रात्रपाळी
कोरडवाहू, ॲपमधी आधी बाण पाहाचा मंग कॅमेरा लावाचा, लेक ताईनं सांगलं ना. बरं मिनेसोटा ताई, हे जानेवारीभर चालते ना? गव्हाचे पानी बाकी हाय अजून.

वर्धा_ते_मिनेसोटा
नाही हो. पुढच्या सरोवरात उतरायचं जे पाणदार आहे, म्हणजे दरवाजे लावून पाण्याची पातळी खाली-वर करतात ती जागा, सू लॉक्स, ते १५ जानेवारीला दुरुस्तीसाठी बंद होतं आणि २५ मार्चला उघडतं. तोवर जहाजं धक्क्याला बांधून ठेवतात, आतमध्ये वेल्डिंग, इंजिनची कामं. कॅमेऱ्यात पूल दिसेल, बर्फ दिसेल, हलताना काही दिसणार नाही.

ओलित_रात्रपाळी
२५ मार्चले तं हरभरा निघून बाजारात गेला असन. मंग फिनलंडचं काई हाय का?

इंजिनरूम_आर्णी
हाय, पन फिनलंड आपल्यापेक्षा साडेतीन घंटेच मांग. तुमचं ओलित सुरू होते तवा तथी पन अंधार. अन् हिवाळ्यात तिकडं दिवसच छोटा. तथी पाहाचं असन तं आइसब्रेकरच्या ढुंगनाले खाच असते ती पाहा, तिच्यात मागच्या जहाजाचं तोंड ओढून बांधते अन् दोघं एकत्र चालते. एवढं जवळ की इकडचा स्वयंपाकी तिकडच्याले मीठ मागन.

नागपुरी_सावजी
त्या टगवाल्याले पगार किती भेटत असन बे?

ठेचा_भाकर
सावजी सुरू झाला. सू लॉकवाल्यांनो धागा पन बंद करा १५ तारखेले.

अहेरी_पॅसेंजर
थांबा थांबा, बंद कराच्या आधी एक सांगा. हे साठ हजार टन उतरवते कसं? मजूर किती लागते?

इंजिनरूम_आर्णी
मजूर नाईच. जहाजाच्या पोटाखाली पट्टा फिरते, त्याच्यावर माल पडते, मांग वर चढते अन् डेकवर जो अडीचशे फुटाचा लांब हात हाय तो बाजूले फिरवून काठावर ढीग लावते. काई घंट्यात जहाज खाली. हिवाळ्यात मात्र वल्ल्या गोळ्या गोठून एकमेकीले चिकटते, मंग पोटात उतरून ठोका लागते.

अहेरी_पॅसेंजर
म्हणजे तथी पन मोगरी लागतेच.